झटक्याची वेळ : तीव्र वाहिनीविकारांच्या कालनोंदीची चिकित्सा

हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी एकाएकी बंद पडून हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो, किंवा मेंदूकडे जाणारी रोहिणी बंद पडून पक्षाघात होतो. ही घटना दिवसाच्या कोणत्या वेळी घडली, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. घड्याळ पाहावे आणि लिहून ठेवावे, इतकेच. परंतु ज्याने ऐतिहासिक साधनांवर काही काळ काम केले आहे त्यास ठाऊक असते की, घटना घडल्याची वेळ, ती कोणाच्या तरी लक्षात आल्याची वेळ आणि ती कागदावर उतरल्याची वेळ ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी असून पुष्कळदा केवळ तिसरीच आपल्या हाती लागते. हृदयविकाराचे झटके दिवसाच्या पहिल्या दोन प्रहरांत अधिक येतात, हे विधान आज वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. ते निःसंशयपणे प्रस्थापित व्हावयास मात्र १९८५ साल उजाडावे लागले. घड्याळे, रुग्णालये व नोंदवह्या ह्यांची वाण त्यापूर्वी शंभर वर्षे नव्हती. मग इतका विलंब का लागला, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाच्या मते त्याचे कारण वैद्यकाइतकेच साधनचिकित्सेचे आहे : बराच काळ प्रश्नच असा विचारला गेला की वेळ त्यातून निसटून जावी, आणि पुढे वेळ विचारात आली तेव्हा तिच्याविषयी साक्ष देण्यास रुग्णाखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता.

शरीराचे व्यापार दिवसाच्या वेळेनुसार बदलतात ही कल्पना पुरातन आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिवसाचे व रात्रीचे तीन तीन भाग कल्पून त्यांत अनुक्रमे कफ, पित्त व वात प्रबळ होतात असे सांगितले आहे. अलीकडे काही लेखक ह्यात आधुनिक शोधांची पूर्वसूचना पाहतात; ते आम्हांस मान्य नाही. ते एका व्यापक शरीरकल्पनेचे अंग आहे, विशिष्ट व्याधीच्या आरंभाची ती कालगणना नव्हे, आणि तिला तिच्या स्वतःच्या संदर्भातच वाचणे न्याय्य होय. युरोपात १७२९ मध्ये द मेराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तरीही त्याची पाने नित्याच्या वेळी मिटत व उघडत असल्याचे पाहिले. १७९७ मध्ये जर्मन वैद्य हूफेलांट ह्याने चोवीस तासांचा काळ हे आपल्या शरीराच्या कालगणनेचे मूळ परिमाण होय, असे प्रतिपादिले. ह्या सर्वांत आपल्या विषयास खरोखर जवळचा असा ग्रंथ म्हणजे झ्यूल्यें-झोझेफ व्हिरे ह्याचा १८१४ चा पॅरिस येथील प्रबंध. पेशाने औषधनिर्माता असलेल्या व्हिरेने शरीरास ‘सजीव घड्याळ’ म्हटले, आणि, हे विशेष महत्त्वाचे, मृत्यूच्या नोंदींची तासवार मांडणी करून पाहिली. परंतु त्याचा प्रबंध दीर्घकाळ विस्मृतीत पडून राहिला. मृत्यूची वेळ आणि व्याधीच्या आरंभाची वेळ ह्यांतला भेदही त्या काळी स्पष्ट होण्यासारखा नव्हता. कारण हृदयरोहिणी बंद पडणे ही स्वतंत्र व्याधी म्हणून अजून ओळखलीच गेली नव्हती.

छातीतील विशिष्ट वेदनेचे वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डेनने १७६८ मध्ये केले होते व ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः जेवणानंतर चढ चढताना, वेदना उठते व थांबताच शमते, हा त्या वर्णनाचा गाभा. वेदनेचा संबंध श्रमाशी आहे हे हेबर्डेनने इतक्या नेमकेपणे दाखविले की, पुढील दीडशे वर्षे वैद्यांची दृष्टी त्याच धाग्याला बांधलेली राहिली. १९१० मध्ये कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव्ह व स्त्राझेस्को ह्यांनी हृदयरोहिणीतील गुठळीचे निदान रुग्ण जिवंत असतानाच करता येते असे दाखविले. त्यांच्या रुग्णांपैकी एकाला उंच जिना चढताना, तर दुसऱ्याला पत्त्यांच्या डावात मन क्षुब्ध झाले असता झटका आला होता. १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने हा झटका सदैव तत्काळ मारक असतोच असे नाही हे प्रतिपादिले, आणि त्यानंतर विजेच्या आलेखाच्या साहाय्याने ह्या व्याधीची संख्या मोजता येऊ लागली. पण मोजताना प्रश्न विचारला गेला तो हा की, झटका कशामुळे आला? श्रमाने की विश्रांतीत?

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. अमेरिकेत कामगारांच्या नुकसानभरपाईचे कायदे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अमलात येऊ लागले होते. गोदामात ओझे उचलणारा मनुष्य छाती धरून कोसळला, तर त्याच्या विधवेस भरपाई मिळावी की नाही, हे त्या उत्तरावर अवलंबून होते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील आर्थर मास्टर व त्यांचे सहकारी डॅक आणि जॅफे ह्यांनी १९३७ मध्ये ह्या प्रश्नाची पद्धतशीर छाननी केली. झटक्याच्या आरंभी रुग्ण झोपला होता, बसला होता, चालत होता की कष्टाचे काम करीत होता, ह्याची त्यांनी वर्गवारी केली; आणि मनुष्य दिवसाचा जेवढा भाग ज्या क्रियेत घालवितो, साधारण तेवढ्याच प्रमाणात झटके त्या क्रियेत येतात, सबब श्रम हे कारण नव्हे, असा निष्कर्ष काढला. १९६० मध्ये मास्टर ह्यांनी श्रम व व्यवसाय ह्यांच्या संदर्भात पुन्हा हीच भूमिका मांडली.

ह्या युक्तिवादाकडे किंचित थांबून पाहिले पाहिजे. त्यात तुलनेचे माप म्हणून काळच वापरला आहे. झोपेचे आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा भाग, म्हणून झटक्यांचाही सुमारे तिसरा भाग झोपेत यावा, असा हिशेब. म्हणजे सर्व तास एकाच मोलाचे आहेत हे येथे आधीच गृहीत धरले आहे. जे तपासावयाचे तेच मोजपट्टी झाले. ह्यात मास्टर ह्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. श्रमाला सरसकट दोषी धरण्याच्या प्रवृत्तीला त्यांनी आळा घातला, आणि बरे झालेल्या असंख्य रुग्णांना पुन्हा कामावर जाण्याचे धैर्य दिले, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना शास्त्राने स्वतःचा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. इतिहासलेखनातही असे घडते. दप्तर ज्या कारणासाठी तयार झाले त्या कारणाचे प्रश्न अभ्यासकाच्या नकळत त्याच्या लेखणीत उतरतात.

नवल असे की, ह्याच दशकांत दुसऱ्या एका प्रवाहात अहोरात्र लयीचा अभ्यास जोमाने चालू होता. रक्तदाब मोजण्याची रिव्हा-रोच्ची ह्यांची पट्टी १८९६ ची, आणि झोपेत रक्तदाब उतरतो हे लेनर्ड हिल ह्यांनी १८९८ मध्येच नोंदविले होते. १९३८ मध्ये नॅथॅनियल क्लाइटमन व त्यांचे सहकारी रिचर्डसन केंटकीतील मॅमथ गुहेत बत्तीस दिवस राहिले व अठ्ठावीस तासांचा दिवस पाळू लागले. क्लाइटमन ह्यांच्या शरीराच्या उष्णतेने तो मानावयास नकार दिला. १९५७ मध्ये फर्नली व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील गुठळी विरघळविण्याच्या नैसर्गिक शक्तीतही दिवसभरात चढउतार असल्याचे दाखविले. ह्या एका शोधावरून तरी हृदयविकाराच्या वेळेचा प्रश्न कोणास सुचावयास हवा होता. १९५९ मध्ये फ्रान्झ हाल्बर्ग ह्यांनी ‘सर्केडियन’ हा शब्द घडविला, १९६० मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जैविक घड्याळांवर मोठा परिसंवाद भरला, आणि त्याच दशकात अ‍ॅशॉफ ह्यांनी बव्हेरियातील आंडेक्स येथे भूमिगत खोल्यांत माणसांना सूर्य व घड्याळ ह्यांपासून दूर ठेवून त्यांच्या लयी मोजल्या. परंतु हे शास्त्रज्ञ निरोगी माणसे, पक्षी व माश्या ह्यांत रमले होते, आणि हृदयविकाराचे वैद्य आपल्या रुग्णांत.

दोन्ही प्रवाहांची गाठ पडली ती एका निराळ्याच कामासाठी जमविलेल्या कागदपत्रांत. झटका आल्यावर हृदयाचा जो भाग मरतो तो औषधाने कमी करता येतो की काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९७८ पासून एक मोठी बहुकेंद्री चाचणी चालू होती. तिचे संक्षिप्त नाव मिलिस. त्यासाठी दोन गोष्टी लागत. एक, वेदना केव्हा सुरू झाली ह्याची नोंद, कारण ठरावीक मुदतीत आलेल्या रुग्णासच औषध देता येई. दुसरी, सीके-एमबी नावाच्या द्रव्याची रक्तात वारंवार केलेली मोजणी. हृदयाच्या स्नायूपेशी मरू लागल्या की हे द्रव्य काही तासांनी रक्तात वाढू लागते. किती वाढले ह्यावरून मेलेल्या भागाचा आकार काढावयाचा, अशी योजना होती. दिवसाच्या लयीचा विचार ह्या आखणीत कोठेही नव्हता. हार्वर्डमधील जेम्स मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दप्तर वेगळ्या प्रश्नासाठी उघडले आणि १९८५ मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध केले.

२,९९९ रुग्णांच्या वेदनेच्या नोंदी तासवार लावल्या असता सकाळी ६ ते दुपारी १२ ह्या काळात झटक्यांची स्पष्ट गर्दी दिसली. पण येथपर्यंतचा पुरावा आक्षेपापासून मुक्त नव्हता. मध्यरात्री झोपेत झटका आला, वेदना अर्धवट जाणवली, मनुष्य सकाळी उठला व म्हणाला, ‘आत्ताच दुखू लागले’, तर सकाळची गर्दी ही व्याधीची नसून जागे होण्याची ठरेल. येथे सीके-एमबी उपयोगी पडले. ७०३ रुग्णांत ह्या द्रव्याची पहिली वाढ नेमकी केव्हा दिसली हे ज्ञात होते. तेथून ठरावीक तास मागे गेले की स्नायू मरू लागल्याची वेळ निघते, आणि ह्या साक्षीदाराला झोप नसते. त्याची साक्षही तीच निघाली : सकाळी ९ च्या सुमारास झटक्यांची संख्या सर्वाधिक, रात्री ११ च्या सुमारास सर्वांत कमी, आणि पहिली दुसरीच्या तिप्पट. कुळाने सांगितलेली हकीकत आणि तिच्याशी काही संबंध नसलेल्या वहीतील आकडा जुळावा, तसे हे झाले.

त्याच लेखात आणखी एक बाब होती. झटका येण्यापूर्वी जे रुग्ण बीटा-ब्लॉकर जातीचे औषध घेत होते, त्यांच्यात ही सकाळची गर्दी आढळली नाही. हे औषध अ‍ॅड्रिनलिनसारख्या उत्तेजक द्रव्यांचा हृदयावरील परिणाम मंदावते. सबब सकाळी उठताना शरीरात जी उत्तेजना होते तिच्याकडे बोट दाखविले गेले.

पुढील चार-पाच वर्षांत ह्या विषयावर लेखांचा पूर आला. १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील १९८३ सालच्या मृत्यूदाखल्यांवरून, रुग्णालयाबाहेर हृदयविकाराने एकाएकी मेलेल्या २,२०३ व्यक्तींच्या वेळा तपासल्या गेल्या आणि सकाळी ७ ते ११ ह्या काळात आधिक्य दिसले. मृत्यूदाखला हे साधन सीके-एमबीइतके निर्दोष नाही. रात्री मेलेला मनुष्य सकाळी सापडतो, आणि दाखल्यावर सापडल्याची वेळ चढण्याचा संभव असतो. पुढे कोहेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साठ हजारांहून अधिक झटक्यांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सकाळच्या सहा तासांत झटक्यांचे प्रमाण उरलेल्या दिवसाच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी अधिक निघाले. तिप्पट आणि चाळीस टक्के ह्यांत विसंगती नाही; पहिला आकडा शिखर व दरी ह्यांची तुलना करतो, दुसरा पाव दिवसाची उरलेल्या पाऊण दिवसाशी. तथापि वृत्तपत्रांनी पहिलाच आकडा उचलला, हे सांगावयास नकोच.

कारणमीमांसेत खरी चुरस होती ती दोन पक्षांत. झटका सकाळी येतो तो शरीरातील घड्याळामुळे, की केवळ आपण सकाळी उठतो म्हणून? १९७८ मध्ये लंडनजवळील नॉर्थविक पार्क रुग्णालयात रोहिणीत सूक्ष्म नळी ठेवून चोवीस तास सलग रक्तदाब मोजण्यात आला होता, व तो पहाटे सर्वांत कमी असून सकाळी झपाट्याने चढतो असे दिसले होते. १९८७ मध्ये टॉफलर व सहकाऱ्यांनी पंधरा निरोगी पुरुषांच्या रक्तातील प्लेटलेट (रक्त साकळण्यास आरंभ करून देणाऱ्या सूक्ष्म चकत्या) तपासल्या. सकाळी ६ ते ९ ह्या वेळात त्यांची एकमेकींस चिकटण्याची प्रवृत्ती वाढत होती. परंतु त्याच माणसांना उठू न देता आडवे ठेवले असता ती वाढली नाही. हा प्रयोग लहान खरा, पण त्याची मांडणी प्रस्तुत लेखकास फार समर्पक वाटते. वेळ तीच ठेवून उठणे तेवढे वगळले की, दोन कारणांची फारकत होते.

दोन वेगळ्याच दिशांनी आलेले पुरावेही उठण्याच्या पक्षास पोषक ठरले. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील पुरुषांच्या अभ्यासात १९८० मध्ये, पूर्वी हृदयविकार नसलेल्यांचे आकस्मिक मृत्यू सोमवारी अधिक असल्याचे आढळले होते. शरीराला रात्र आणि दिवस ठाऊक असतात, सोमवार ठाऊक नसतो. स्वीडनमध्ये वसंतात घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्यानंतरच्या आठवड्यात झटके सुमारे ५ टक्क्यांनी वाढतात असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र घड्याळाचा पक्षही निराधार नव्हता. २०११ मध्ये बॉस्टन येथे शीअर, शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मंद प्रकाशात, झोप-जागृतीचे चक्र शरीराच्या घड्याळापासून मुद्दाम तोडून, माणसांचे निरीक्षण केले. प्लेटलेटची सक्रियता शरीराच्या आंतरिक सकाळी सर्वाधिक निघाली, वागणुकीवर अवलंबून न राहता. उलट रक्तदाबाची आंतरिक लय मात्र सायंकाळी शिखर गाठते असे दिसले! म्हणजे सकाळी रक्तदाब चढतो तो बव्हंशी उठण्या-वावरण्यामुळे, आणि रक्त साकळण्याकडे कल होतो त्यात घड्याळाचाही वाटा आहे. ‘सकाळ’ ह्या एका शब्दाखाली भिन्न उगमांच्या गोष्टी एकत्र आल्या होत्या.

हा भेद न ओळखता उपचारांची घाई झाली. प्रारंभीची चिन्हे आशादायक होती : अमेरिकेतील वैद्यांवर झालेल्या अ‍ॅस्पिरिनच्या चाचणीची १९९० मध्ये तासवार छाननी झाली, तेव्हा अ‍ॅस्पिरिनने सकाळचे झटके सुमारे ५९ टक्क्यांनी, तर इतर वेळचे सुमारे ३४ टक्क्यांनी कमी केलेले दिसले. मग रात्री घ्यावयाची आणि पहाटे विरघळू लागणारी वेरापामिलची गोळी तयार झाली. तिची चाचणी पंधरा देशांतील १६,६०२ रुग्णांवर झाली व २००३ मध्ये तिचा अहवाल आला. चाचणीचा खर्च करणाऱ्या कंपनीने ती व्यापारी कारणास्तव मुदतीपूर्वीच थांबविली होती. नव्या गोळीच्या गटात ३६४ गंभीर घटना व जुन्या औषधांच्या गटात ३६५. सकाळची गर्दी दोन्ही गटांत कायमच होती. तुलनेच्या जुन्या औषधांपैकी एक अ‍ॅटेनोलॉल, म्हणजे १९८५ मध्ये ज्या जातीच्या औषधाने सकाळची गर्दी पुसली होती त्याच जातीचे, हे लक्षात घेतले तर ह्या निकालाचे आश्चर्य थोडे कमी होते. पुढे स्पेनमधील एका गटाने रक्तदाबाच्या गोळ्या झोपताना घेतल्यास हृदय व वाहिन्यांच्या गंभीर घटना जवळजवळ निम्म्याने घटतात असा दावा केला. त्याच्या पद्धतीवर कठोर टीका झाली. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून सकाळ व सायंकाळ अशा दोन गटांत विभागणारी चाचणी डंडी विद्यापीठाने चालविली. तिचा निकाल २०२२ मध्ये लागला : मृत्यू, हृदयाचा झटका वा पक्षाघात सायंकाळच्या गटात ३.४ टक्के, सकाळच्या गटात ३.७ टक्के, म्हणजे विश्वासार्ह असा फरक नाही. रक्तदाबाची गोळी रुग्णाने त्यास सोयीच्या वेळी घ्यावी, एवढेच त्यातून निष्पन्न झाले.

पक्षाघाताच्या बाबतीत वेळेचा प्रश्न अधिकच बिकट आहे, कारण त्यात बहुधा वेदना नसते आणि झोपलेल्या माणसास तो जागे करीत नाही. १९८९ मध्ये मार्लर व सहकाऱ्यांनी ह्या कारणास्तव जागेपणी झालेले पक्षाघात वेगळे काढले आणि त्यांतही दुपारपूर्वीचे आधिक्य दाखविले. १९९८ मध्ये इलियट ह्यांनी ११,८१६ पक्षाघातांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सकाळी ६ ते १२ ह्या वेळातील प्रमाण, दिवसभर समान वाटणी धरल्यास अपेक्षित असते त्याहून, ४९ टक्क्यांनी अधिक निघाले. परंतु साधारणतः पाचांतील एक रुग्ण सकाळी अर्धांग लुळे झालेल्या अवस्थेतच जागा होतो. त्याचा पक्षाघात रात्री अकराचा की पहाटे सहाचा? १९९५ पर्यंत हा प्रश्न कोष्टकापुरता होता. त्या वर्षी गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो हे सिद्ध झाले, २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि कालनिश्चिती हा रुग्णाच्या चालण्या-बोलण्याचा प्रश्न होऊन बसला. नियम असा की, रुग्ण धडधाकट असल्याचे शेवटचे ज्या क्षणी कोणी पाहिले तोच आरंभ मानावयाचा. म्हणजे रात्री दहाला अंथरुणावर पडलेला मनुष्य सहाला लुळा होऊन उठला, तर त्याचा पक्षाघात कागदोपत्री आठ तासांचा, आणि औषधाचा दरवाजा बंद. मग प्रत्यक्षात तो पहाटे पाचला का झालेला असेना.

ह्या रुग्णांसाठी युरोपातील वैद्यांनी २०१८ मध्ये जो मार्ग दाखविला तो कालनिर्देश नसलेल्या कागदाची मिती ठरविणाऱ्या अभ्यासकास ओळखीचा वाटेल. चुंबकीय अनुस्पंदनाने मेंदूची दोन प्रकारची चित्रे घेतात. रक्तावाचून राहिलेला भाग एका प्रकारच्या चित्रात काही मिनिटांतच उमटतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तो उमटण्यास काही तास लागतात. पहिल्यात डाग आहे आणि दुसऱ्यात अजून नाही, तर घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. अशा ५०३ रुग्णांना चिठ्ठ्यांनी विभागून औषध अथवा नुसते द्रावण दिले गेले. तीन महिन्यांनी, औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के जवळजवळ पूर्ववत झाले होते, द्रावण मिळालेल्यांपैकी ४१.८ टक्के. औषध मिळालेल्यांत मेंदूतील रक्तस्राव थोडा अधिक होता, आणि निधीअभावी चाचणी ठरल्याआधी थांबली, ह्या मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. परंतु ज्यांच्या झटक्याची वेळ स्वतः त्यांनाही सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ती आता मेंदूच्या चित्रात वाचली जाते.